मुका खांब

गुरुवारी मार्केट यार्डात सौदे लवकर उरकले
की पेढीवरून निघताना मी हात धुते. दोनदा.
तरी हळद नखांच्या कडेला राहतेच,
आणि माझा पांढरा दोरा
पहिल्या दहा साखळ्यांपुरता पिवळा असतो.
साबण लावला तर लाल.

"पांढऱ्याला हात लावू नकोस," शमशाद म्हणते,
आणि पांढराच गुंडा पुढे सरकवते.

आम्ही मिरजेत बसतो, एस्तेरबाईंच्या पुढच्या खोलीत.
सिस्टर होत्या त्या, चौतीस वर्षं, बाळंतपणाच्या वॉर्डात.
विणताना टाके म्हणत नाहीत, घरं म्हणतात.
टाके, म्हणतात, माणसांना घालायचे असतात.

सर्जेराव खोत दाराजवळच्या खुर्चीत,
एकटेच पुरुष, उठून जायला सोपं म्हणून.
सांगली डेपोचे कंडक्टर.
संपाचे पाच महिने घरात येरझारा घालत होते
तेव्हा बायकोनं हातात सुई दिली:
धरा, दोरी तरी ओढा.
त्यांचा प्रत्येक चौकोन आमच्यापेक्षा बोटभर लहान,
इतका घट्ट की सुई आत जाताना कुरकुरते.
पद्मावती मगदूम एकदा म्हणाली, जरा सैल सोडा की.
ते म्हणाले,
सैल सोडलं की हिशेब लागत नाही.

यंदा टेबलक्लॉथ घेतलाय. छप्पन्न चौकोन.
नमुना एस्तेरबाईंच्या आईच्या वहीतला,
शाई तांबूस झालेली,
पाच सा., दोन खां., एक मु. खां.,
आणि शेवटच्या पानावर, कड जिथे सुरू होते तिथे,
कसरीनं खाल्लेली जाळी.
तीही नमुन्यासारखीच दिसते.

पानाचा फोटो काढून
ओळखीपाळखीत, मग बिनओळखीत, सोडून दिला.
कुणाला ठाऊक असेल तर सांगा.
विट्याहून आली पंख्याची कड.
बेळगावहून पिको, तीन साखळ्यांचे.
तासगावच्या एका डावखुऱ्या मुलीनं करून दाखवलं,
चेहरा नाही, नुसते हात,
आम्ही फोनसमोर आरसा धरून शिकलो.
लातूरच्या कुणा काकूंनी रात्री अडीचला लिहिलं:
माझ्या सासूची अशी होती. झोप येत नाही. अजून पाठवू का?

सात उत्तरं, सात कडा.
एस्तेरबाईंनी सातही घालून पाहिल्या, वीत वीतभर,
दर वेळी चष्मा काढून म्हणाल्या, आईची नव्हे,
आणि टोक ओढलं.
उसवायला काहीच लागत नाही.
आठवड्याचं काम चहा निवायच्या आत
मांडीवर कुरळं होऊन पडतं.

मग परवा सर्जेरावांनी वही मागितली.
मागचा पुठ्ठा खिडकीत तिरका धरला.
वेबिलाचा कार्बन निसटला, म्हणाले,
की खालच्या कागदावरून असंच वाचायचो.
टाकाचा दाब उमटला होता.
नखानं मोजत, स्टॉप पुकारावेत तसं वाचू लागले:
मु. खां. मु. खां. मु. खां.
कोपऱ्यात तीन.
पुन्हा मु. खां.
पुढे?
पुढे काही नाही. तेवढंच आहे.

सुईवर आधी वेढा न घेता घातलेला,
सगळ्यांत बुटका.
शिकवताना पहिल्या दिवशी शिकवतात
आणि मग त्याचा फोटो कुणी काढत नाही.

एस्तेरबाई बराच वेळ बोलल्या नाहीत.
शमशादनं पंखा बंद केला, का ते तिलाच माहीत.
मग त्या म्हणाल्या,
"दोरा संपत आला असेल तिचा."

सर्जेरावांना आम्ही कड घालायला बसवलंय.
त्यांच्या घट्ट हाताला ती शोभते,
फक्त कापड कडेनं किंचित आवळतं, बशीसारखं.
असू दे म्हणाल्या.

लातूरला कळवलं.
दुपारीच उत्तर आलं: एवढंच?
आणि थोड्या वेळानं:
बरं, कोपरा दाखवा.

मी कोपरा उचलून धरला, पद्मावतीनं फोटो काढला.
कोपरा नीट आलाय, तीनही मोजता येतात.
बोटं पिवळी आलीत.